रित्या वायुक्षेत्रात सोडलेला कार्बन डायऑक्साइड सिस्मिकला दिसतो का?

माहुलखाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी चेंबूरला राहतो आणि गच्चीवरून माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुरांडी रोज पाहतो, त्यामुळे या धुराचे पुढे काय करणार हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. मागच्या शनिवारी दादरला एका व्याख्यानाला गेलो होतो. कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून, वायू उपसून रित्या झालेल्या समुद्राखालच्या क्षेत्रांत तो कायमचा ठेवायचा, असा विषय होता. वक्त्यांनी नॉर्वेच्या स्लाइप्नर प्रकल्पाची दोन सिस्मिक चित्रे (जमिनीत ध्वनिलहरी सोडून, परतणाऱ्या लहरींवरून काढलेली) शेजारी शेजारी दाखवली. १९९४ च्या चित्रात विशेष काही नव्हते, १९९९ च्या चित्रात मात्र एकावर एक रचलेल्या ताटल्यांसारखे लखलखीत थर होते. उद्या आपल्या मुंबईजवळच्या समुद्रातील वसई वायुक्षेत्राचे असे काही ठरले तर तिथेही वायू कुठे आहे हे असेच डोळ्यांनी दिसेल, असे त्यांनी सांगितले आणि सभागृह निश्चिंत झाले.

माझी हयात बँकेत गेली. ताळेबंद पाहताना एक सवय लागली आहे: जो आकडा फार सुबक दिसतो, तो पुन्हा तपासायचा. म्हणून विचारतो. ते चित्र रित्या वायुक्षेत्राला लागू पडते का? पडत नसेल तर आत ठेवलेला वायू आतच आहे, हे कशावरून ठरवायचे? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तळखडक

माहुलखाडी साहेब, तुमची शंका रास्त आहे. माझी नोकरी सिस्मिक नोंदी वाचण्यात गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

चित्र खरे आहे, पण स्लाइप्नरचा साठा रित्या वायुक्षेत्रात नाही. तेथून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. नॉर्वेने १९९१ साली कार्बनवर कर लावला, तो हवेत सोडणे महाग झाले, आणि १९९६ पासून तो वेगळा काढून उत्सिरा नावाच्या वाळूच्या थरात सोडला जाऊ लागला. हा थर वायूच्या थरापेक्षा पुष्कळ वर, समुद्रसपाटीखाली साधारण ८०० ते १,००० मीटरवर आहे, आणि त्याच्या छिद्रांत त्याआधी केवळ खारे पाणी होते. पाणी सहजी दाबले जात नाही, वायू दाबला जातो, आणि सगळी गंमत या फरकात आहे. पाण्याने भरलेल्या त्या भुसभुशीत वाळूतून ध्वनिलहर सेकंदाला सुमारे २,०५० मीटर वेगाने जाते. कार्बन डायऑक्साइड शिरला की तोच वेग १,४५० च्या आसपास उतरतो. इतका मोठा फरक पडल्यावर काही मीटर जाडीचे पातळ थरसुद्धा आरशासारखे चमकतात. वक्त्यांनी दाखवलेल्या ताटल्या त्याच आहेत आणि त्या नऊ मोजल्या गेल्या आहेत.

आता रित्या क्षेत्राकडे या. रिते म्हणजे रिकामे नव्हे. नेदरलँड्सच्या समुद्रातील के-१२-बी या क्षेत्राचा मूळ दाब सुमारे ४०० बार होता, उत्पादनानंतर तो ४० बारच्या घरात आला. पण छिद्रांत मिथेन उरलेच. खडकाच्या छिद्रांत मोजके काही टक्के वायू असला तरी लहरीचा वेग एकदम खाली येतो, आणि त्यापुढे वायूचे प्रमाण कितीही वाढवले तरी वेगात फारसा फरक पडत नाही. घरी करून पाहण्यासारखी गोष्ट सांगतो. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन तळाशी चमच्याने टिचकी मारत राहा आणि त्यात चिमूटभर इनो टाका. फेस उठताच आवाज एकदम खाली जाईल, आणि बुडबुडे निघून जातील तसतसा पुन्हा चढेल. जरासे बुडबुडे इतका फरक पाडतात, एवढ्यापुरतीच ही उपमा घ्या, कारण पेल्याला खडकाचा सांगाडा नसतो. स्लाइप्नरमध्ये साध्या पाण्यात इनो पडले. रित्या वायुक्षेत्रात फेस आधीपासून आहे आणि तुम्ही एका वायूच्या जागी दुसरा भरत आहात. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड मिथेनपेक्षा बराच जड असतो, म्हणून घनतेचा थोडा फरक मिळतो, परंतु तो बहुधा दोन सर्वेक्षणांमधल्या नेहमीच्या तफावतीत बुडून जातो.

ऑस्ट्रेलियाच्या ओटवे प्रकल्पात हे प्रत्यक्ष पाहिले गेले. नेलर या जुन्या वायुक्षेत्रात सुमारे २ किलोमीटर खोलीवर २००८-०९ मध्ये ६५,००० टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडयुक्त वायू सोडला आणि पुन्हा पुन्हा त्रिमितीय सर्वेक्षणे केली. साठ्याच्या आत ठळक काही दिसेल अशी अपेक्षा करणाऱ्यांच्या हाती फारसे लागले नाही.

वसईबद्दल एक भर. तिथला साठा चुनखडकात आहे. चुनखडकाचा सांगाडा वाळूपेक्षा कितीतरी ताठ असतो, त्यामुळे छिद्रांतला द्रव बदलला तरी लहरीला त्याची दखल कमीच असते. म्हणजे अडचण दुहेरी.

शंकासुर

तळखडक, मग हे बरेच झाले म्हणायचे. दिसत नाही म्हणून पाहायचे नाही, पाहिले नाही म्हणून गळती नाही. प्रकल्पवाल्यांना याहून सोयीचे काय हवे?

तळखडक

आरोप अर्धा मान्य. साठ्याच्या आत काय चालले आहे हे सिस्मिकला नीट दिसत नाही. साठ्याच्या वर मात्र चांगले दिसते. झाकणखडकाच्या, म्हणजे साठ्यावर झाकणासारख्या बसलेल्या घट्ट खडकाच्या, वरच्या थरांत खारे पाणीच असते. तिथे वायू पोचला तर परिस्थिती स्लाइप्नरसारखी होते, म्हणजे स्वच्छ पाण्यात इनो. म्हणून रित्या क्षेत्रात सिस्मिकचे काम कोठारात किती माल आहे हे मोजण्याचे नसून, छपरावर काही आले आहे का हे पाहण्याचे आहे. ओटवेमध्येही पुनःपुन्हा केलेल्या सर्वेक्षणांचा खरा उपयोग हाच होता.

त्या पाहण्याची धार किती असते, याचाही अंदाज आहे. ओटवेच्याच पुढच्या टप्प्यात, २०१५-१६ मध्ये, सुमारे १,५०० मीटर खोल खाऱ्या पाण्याच्या थरात मुद्दाम १५,००० टन वायू सोडला. जमिनीत पुरून ठेवलेल्या जिओफोनच्या (कंप टिपणाऱ्या संवेदकांच्या) साहाय्याने पहिले ५,००० टन गेल्यावरच तो ओळखता आला. रॉटरडॅमजवळचा पोर्थोस प्रकल्प रित्या वायुक्षेत्रांत वर्षाला २५ लाख टन भरण्यासाठी आखला आहे. त्याच्याशी ताडून पाहिल्यास ५,००० टन म्हणजे एका वर्षाच्या मालाचा पाचशेवा भाग.

शंकासुर

हिशेब आकर्षक आहे, पण त्यात एक गृहीत लपले आहे. ते ५,००० टन एका जागी साचलेले होते. तेवढाच वायू जर एखाद्या भ्रंशाच्या (खडक जिथे तुटून सरकला आहे अशा भेगेच्या) बाजूने पाझरत वरच्या चार-पाच थरांत पातळ पसरला, तर कोणता जिओफोन तो पकडणार? शिवाय ओटवे जमिनीवर आहे. तिथे संवेदक वर्षभर त्याच खड्ड्यात बसून असतात. समुद्रावर जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या केबलला ती चैन नाही.

तळखडक

दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. विरळ पसरलेला वायू निसटू शकतो. समुद्रावर स्रोत आणि संवेदक दोन्ही वेळा शक्य तितके त्याच जागी आणणे ही तर आमच्या धंद्यातली जुनी डोकेदुखी. प्रवाहाने केबल वाकते, भरती-ओहोटीने पाण्याची उंची बदलते, आणि उत्पादनाचे फलाट मध्ये उभे असले तर त्यांच्याखालचा भाग कोराच राहतो. यावर उपाय म्हणजे समुद्रतळावर नोड (सुटे संवेदक) ठेवणे किंवा तिथे कायमची केबल पुरणे. नॉर्वेच्या वालहॉल या तेलक्षेत्रावर २००३ पासून अशी पुरलेली केबल आहे. खर्च आरंभी डोळ्यांत भरतो.

सिमेंटवाला

मी विहिरींच्या बाजूचा माणूस, म्हणून जरा वेगळे बोलतो. तुम्ही सगळे खडकाकडे पाहत आहात. ज्या झाकणखडकाने लाखो वर्षे मिथेन अडवून धरले, तो बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइडही अडवून धरील. रित्या क्षेत्राची ही जमेची बाजू आहे. पण त्याच झाकणाला आपण माणसांनी पन्नास ठिकाणी भोके पाडून ठेवली आहेत, ती बाजूला ठेवून कसे चालेल? कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यनची आठवण ठेवा. तेही एक रिते तेलक्षेत्र, नैसर्गिक वायू साठवण्यासाठी वापरलेले. ऑक्टोबर २०१५ मध्ये १९५३ साली खोदलेल्या एका विहिरीचे गंजलेले केसिंग (विहिरीच्या आतले पोलादी नळीचे अस्तर) फुटले आणि जवळजवळ चार महिने वायू बाहेर येत राहिला. एकूण सुमारे १ लाख टन मिथेन हवेत गेले. तिथला खडक जागेवरच होता.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल होते. ते साध्या पोलादाला खाते आणि सिमेंटलाही हळूहळू कुरतडते. केसिंग आणि सिमेंट यांच्यामधली फट केसाएवढी असली तरी गळतीला पुरे, आणि ती कोणत्याही सिस्मिक चित्रात उमटणार नाही. तिचा शोध केसिंगच्या एकात एक नळ्यांमधल्या पोकळीतला दाब, विहिरीच्या तापमानाची नोंद, आणि समुद्रतळावरचे बुडबुडे टिपणारा सोनार यांनीच घ्यावा लागतो. ज्या विहिरी प्लग टाकून कायमच्या बुजवल्या आहेत आणि ज्यांच्यात पुन्हा उतरता येत नाही, त्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट व्याख्यानात बहुधा आली नसेल. रित्या साठ्यात दाब इतका कमी असतो की नळातून आलेला दाट कार्बन डायऑक्साइड आत शिरताच प्रसरण पावतो आणि भयंकर थंड होतो. घरचा सिलिंडर जोरात वापरला की बाहेरून गार लागतो, त्याचाच हा थोरला भाऊ. तापमान फार उतरले तर विहिरीच्या तोंडाशी बर्फासारखे हायड्रेट जमतात, आणि आखडलेल्या खडकाला तडेही जाऊ शकतात. म्हणून सुरुवातीची काही वर्षे वायू गरम करून किंवा बेताने सोडावा लागतो.

कोयनाकाठ

मी मूळचा पाटण तालुक्यातला, आता लालबागला स्थायिक. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेबद्दल आमच्या घरात अजूनही दबक्या आवाजात बोलतात. कोयनेचे धरण १९६२ पासून भरू लागले, हादरे वाढत गेले, आणि पाचच वर्षांत ६.३ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप होऊन पावणेदोनशेच्या घरात माणसे गेली. धक्का मुंबईतही जाणवला होता. आजही पावसाळ्यानंतर जलाशय चढला की तिथे छोट्या हादऱ्यांची संख्या वाढते, आणि तो अभ्यासण्यासाठी गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विहीर खणली गेली आहे.

खडकात दाबाने काही भरले की भ्रंश सरकतो, ही गोष्ट आम्हांला कोणी शिकवावी लागत नाही. स्पेनच्या किनाऱ्याजवळ कास्टोर नावाच्या जुन्या तेलक्षेत्रात २०१३ च्या सप्टेंबरमध्ये नैसर्गिक वायू भरायला घेतला, तर काही आठवड्यांत शेकडो हादरे बसले, मोठे ४ च्या पुढे गेले, आणि प्रकल्प कायमचा बंद पडला. मग मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर समुद्राखाली हे करायचे, तर भीती का वाटू नये?

तळखडक

कोयनाकाठ, भीती वाटणे योग्यच आहे. ती कुठल्या गोष्टीची वाटावी हे मात्र नीट ठरवले पाहिजे. कोयनेत धरणापूर्वी जो दाब नव्हता, तो जलाशयाने आणला, आणि तो भेगांतून खाली झिरपत आधीच ताणलेल्या भ्रंशापर्यंत गेला. रित्या वायुक्षेत्रात आपण उपसून घटवलेला दाब पुन्हा भरत असतो, आणि मूळच्या दाबाच्या वर जायचे नाही असा नियम घालून घेता येतो. मोकळ्या खाऱ्या थरापेक्षा ही बाजू निश्चित सुरक्षित आहे.

तरीही मी तुम्हांला पूर्ण दिलासा देणार नाही. दाब उतरताना खडकावरचा ताण ज्या वाटेने बदलतो, त्याच वाटेने तो परत येईल याची हमी नसते. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन वायुक्षेत्रात तर काही न भरता, केवळ उपशामुळे खडक दबून भूकंप झाले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हुइझिंगे येथे ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, हजारो घरांना तडे गेले, आणि अखेर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नियमित उत्पादन थांबवावे लागले. असे भ्रंश उपशाच्या काळातच टेकीला आलेले असतील, तर त्यावर थंड वायू सोडताना जपायला हवे.

म्हणूनच सिस्मिकचा दुसरा उपयोग इथे पहिल्याहून मोलाचा ठरतो: स्वतः आवाज न करता नुसते ऐकत राहणे. खडकातली बारीक भेग सरकली की सूक्ष्मकंप होतो. उणे २ तीव्रतेच्या कंपात सुटणारी ऊर्जा म्हणजे सुमारे ६ किलोची वस्तू एक मीटरवरून खाली पडावी तेवढी. तोही जवळच्या विहिरीतल्या संवेदकाला ऐकू येऊ शकतो. अमेरिकेतील डेकेटर येथे २०११ ते २०१४ दरम्यान १० लाख टन वायू खाऱ्या थरात सोडला, तेव्हा असे हजारो कंप नोंदले गेले. जमिनीवर कोणाला कळावे असे काही झाले नाही, पण त्या ठिपक्यांनी खालच्या पायाच्या खडकात आधी नकाशावर नसलेल्या भेगा दाखवून दिल्या. फ्रान्सच्या रूस या रित्या वायुक्षेत्रात २०१० ते २०१३ मध्ये ४,५०० मीटर खोलीवर ५१,००० टन वायू सोडताना अशीच ऐकण्याची व्यवस्था होती. कंपांची तीव्रता ठरावीक आकड्यावर गेली की वायू कमी करायचा, त्याहून वर गेली की थांबवायचा, हा सिग्नलसारखा नियम आधीच लिहून ठेवावा लागतो. नंतर लिहिलेला नियम कोणी पाळत नाही.

वर्सोवा_बंदर

आमच्या घरात तीन पिढ्या बोटी आहेत. तुमची चर्चा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते. सिस्मिकचे जहाज आले की केबलच्या मागे-पुढे कित्येक किलोमीटर पट्टा मोकळा ठेवायला सांगतात. आमची डोल (मासे पकडायचे मोठे जाळे) जागेवर बांधलेली असते, ती उचलून बाजूला ठेवता येत नाही. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण त्या दिवसांत समुद्र खवळलेला असल्याने जहाजही येत नाही. म्हणजे तुमचा हंगाम तोच आमचा हंगाम. एकदा आले तर समजू शकतो. पण दर दोन-तीन वर्षांनी तेच सर्वेक्षण पुन्हा करणार असाल तर त्याचा विचार कोणी केला आहे का?

दुसरे, तुम्ही समुद्रतळावर कान लावून बसणार म्हणता. आषाढात आमच्या वाडीत रात्री समुद्राची गाज अशी असते की भिंतीला हात लावला तर थरथर कळते. त्या दिवसांत तुमच्या यंत्राला ६ किलोचे वजन पडलेले कसे ऐकू येणार?

तळखडक

दादा, इतका नेमका प्रश्न मला बैठकांतही क्वचित विचारला गेला आहे. लाटांचा खळखळाट समुद्रतळातून खडकात उतरतो आणि भूकंपमापकावर सतत गुणगुण उमटते. पावसाळ्यात ती कित्येक पटींनी वाढते, आणि तेवढ्या काळात लहान कंप हरवतात. संवेदक तळावर न ठेवता विहिरीत खोल उतरवले तर बराच फरक पडतो. केसिंगच्या बाहेर सिमेंटमध्ये पुरलेला ऑप्टिकल फायबर हा त्यातला सोयीचा प्रकार आहे: एका टोकाने प्रकाशाचे स्पंद सोडायचे, काचेतल्या कणाकणावरून परतणाऱ्या उजेडातील बदल मोजायचे, आणि किलोमीटरभर लांबीची काच म्हणजे हजारो कान झाले. तरीही सुरुवातीची नोंद घेताना त्यात एक संपूर्ण पावसाळा आला पाहिजे. नाहीतर पहिल्याच जुलैत समुद्राचा आवाज आणि खडकाचा आवाज यांत भांडण लागेल.

सर्वेक्षणाच्या हंगामाबद्दल मात्र तुमचे म्हणणे खरे आहे आणि त्याला तांत्रिक उत्तर अर्धेच आहे. रित्या क्षेत्रात साठ्याच्या आतले फारसे दिसतच नसल्याने संपूर्ण क्षेत्राचे सर्वेक्षण वारंवार करण्यात हशील नाही. एक चांगले आरंभीचे, मग दाबाच्या नोंदींनी शंका आणली तरच पुढचे, असे ठरवता येते. उरलेले अर्धे उत्तर भरपाईचे आणि आधी विचारण्याचे आहे. ते भूभौतिकीचे काम नाही.

सिमेंटवाला

दाबाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. माझ्या मते रित्या क्षेत्रात खरा हिशेबनीस तोच आहे. किती टन आत गेले हे मीटरवर कळते, साठ्याचे आकारमान पंचवीस-तीस वर्षांच्या उत्पादनातून बऱ्यापैकी ठाऊक असते, मग दाब किती चढायला हवा हे काढता येते. तो त्याहून कमी चढत असेल तर माल कुठेतरी जात आहे, जास्त चढत असेल तर कोठार समजले होते त्यापेक्षा लहान आहे. नॉर्वेच्या स्नोव्हिट येथे, तो खारा थर असला तरी, २००८ मध्ये वायू सोडायला सुरुवात केल्यावर दाब अपेक्षेपेक्षा वेगाने चढला. सिस्मिकने वायू कोणत्या भागात अडकला ते दाखवले, आणि २०११ मध्ये तो वरच्या दुसऱ्या थरात वळवला. आधी गेज बोलला, मग चित्राने दुजोरा दिला. हा क्रम लक्षात घ्या.

शंकासुर

माहुलखाडी यांच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर गेज म्हणजे खातेवही आणि सिस्मिक म्हणजे अचानक येणारा तपासनीस. पण खातेवही प्रकल्पवाल्याच्याच हातात असते, हे विसरू नका. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात साठा बंद केल्यावर जबाबदारी सरकारकडे जाण्यापूर्वी साधारणपणे किमान २० वर्षे देखरेख ठेवावी, आणि मोजलेले वर्तन गणिताने सांगितलेल्या वर्तनाशी जुळले पाहिजे, अशी अट आहे. आपल्याकडे असे काही करायचे असेल तर या नोंदी जनतेला खुल्या असाव्यात, एवढी तरी अट हवी.

माहुलखाडी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. इनोचा प्रयोग काल रात्री केला. आवाज खरोखरच खाली गेला आणि मग सावकाश चढत आला. नातीने तो सहा वेळा करायला लावला आणि इनोची सगळी पाकिटे संपली.

वसई क्षेत्र १९७६ साली सापडले, १९८८ पासून उत्पादन देत आहे आणि ते अजून चालू आहे, हे मला ठाऊक आहे; म्हणजे ही वेळ उद्या येणारी नाही. तरीही व्याख्यात्यांना आज पत्र लिहिले. त्यात स्लाइप्नरच्या चित्राबद्दल काहीच विचारलेले नाही. विचारले ते असे, की अशा क्षेत्रात वायू सोडण्याआधीची नोंद कोण घेणार, तिच्यात पावसाळा धरणार का, बुजवलेल्या विहिरींची यादी कुठे पाहायला मिळेल, आणि दाबाचे आकडे बाहेरच्या कोणाला दिसणार आहेत का. मूळ लेखात मी "डोळ्यांनी दिसेल" असे जे उद्धृत केले आहे, त्याखाली या धाग्यातल्या तळखडक यांच्या पहिल्या प्रतिसादाचा दुवा जोडला आहे. उत्तर आले की इथेच टंकतो.